छेदातली माणसं

1973 मध्ये अमेरिकेतल्या नेत्रवैद्यकाच्या एका नियतकालिकात फ्रेड एडरर या संख्याशास्त्रज्ञाने एक छोटा लेख लिहिला. प्रश्न शाळकरी वाटावा इतका साधा होता: मोजायचे ते डोळे, की माणसं? तीस वर्षांनी, 2003 मध्ये, व्हेल आणि गार्डनर या दोघांनी वंध्यत्वावरच्या उपचारांच्या चाचण्या तपासल्या आणि वेगळ्या शब्दांत तोच प्रश्न विचारला: मोजायच्या त्या उपचारांच्या फेऱ्या, की स्त्रिया? दृष्टिपटलाचा डॉक्टर आणि वंध्यत्वाचा सर्जन सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. त्यांची पुस्तकं वेगळी, परिषदा वेगळ्या, रुग्णही वेगळे. तरी दोन्ही ठिकाणी हिशेब एकाच जागी चुकत आला आहे. ती जागा म्हणजे अपूर्णांकाच्या रेघेखालचा आकडा, छेद. आपलं लक्ष अंशाकडे असतं: किती बरे झाले, किती जणींना दिवस राहिले. ते कितीपैकी, हे विचारायचं राहून जातं. माझं म्हणणं असं की या दोन्ही शाखांतल्या संशोधनाचा खरेखोटेपणा बऱ्याच वेळा छेदातच ठरतो. छेदात अखंड माणूस असावा आणि अंशात ते माणूस जे मागायला आलं तेच असावं. ही अट पाळली की उपचारांच्या यादीतली काही नावं गळून पडतात आणि काही अधिक पक्की होतात.

सुरुवात डोळ्यांपासून करू. एखाद्या सर्जनने शंभर रुग्णांच्या दोन्ही डोळ्यांवर उपचार केले की त्याच्या नोंदवहीत दोनशे डोळे जमतात, आणि दोनशे हा आकडा शोधनिबंधात शंभरापेक्षा भारदस्त दिसतो. पण दोन्ही डोळ्यांना एकच रक्त मिळतं. साखर एकच, रक्तदाब एकच, वय आणि आनुवंशिकताही एकच. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण एकाच पातेल्यातली दोन शितं चाचपून दोन पातेल्यांची परीक्षा होत नाही. हे नुसतं तत्त्व नाही, त्याचं गणित मांडता येतं. दोन डोळ्यांमधलं साम्य शून्य ते एक या पट्टीवर मोजलं आणि ते 0.5 निघालं, तर शंभर माणसांच्या दोनशे डोळ्यांत फक्त 133 स्वतंत्र निरीक्षणांइतकी माहिती असते. साम्य 0.8 असेल तर 111. उरलेले 89 डोळे कागदावर आहेत, ज्ञानात त्यांची भर जवळजवळ नाही. संशोधक मात्र दोनशे हाच आकडा सूत्रात घालतो. त्याला वाटतं आपली चुकीची शक्यता फारच कमी, आणि जो फरक निव्वळ योगायोगाने पडला असता तो ‘सिद्ध’ म्हणून छापला जातो. 1982 मध्ये बर्नार्ड रोझनर यांनी हे साम्य हिशेबात धरण्याची रीत गणिताने मांडून दिली. तेव्हापासून अज्ञान ही सबब राहिलेली नाही. आळस मात्र राहिला आहे, आणि मोठा आकडा दाखवण्याचा मोहही.

यावर नेत्रतज्ज्ञ एक रास्त आक्षेप घेतील. शस्त्रक्रिया डोळ्यावर होते, माणसावर नाही. एका डोळ्यात आजार वाढलेला असतो, दुसरा ठणठणीत असतो. मग डोळा मोजण्यात गैर काय? शिवाय एकाच माणसाचे दोन डोळे ही संशोधकाला निसर्गाने दिलेली देणगी आहे. एकावर उपचार करा, दुसरा तुलनेला ठेवा. वय, साखर, आहार यांचा फरक आपोआप बाद. हे शंभर टक्के खरं आहे, आणि या शाखेतल्या काही उत्तम चाचण्या याच युक्तीवर उभ्या आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दृष्टिपटलाच्या आजारात, ज्याला डॉक्टर आरओपी म्हणतात, अतिशीत उपचार करावा की नाही हे ठरवण्यासाठी अमेरिकेत 291 बाळांची चाचणी झाली. दोन्ही डोळ्यांत आजार सारख्याच टप्प्यावर असलेल्या बाळांच्या एका डोळ्यावर उपचार केला, दुसऱ्यावर केला नाही, आणि कोणता डोळा हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. 1988 मध्ये आलेल्या तीन महिन्यांच्या निकालात उपचार न झालेल्या डोळ्यांपैकी 43 टक्क्यांची अवस्था वाईट होती, उपचार झालेल्यांपैकी सुमारे 22 टक्क्यांची. पण इथे डोळे जोडीने मोजले होते हे विसरू नये. बाळ हेच एकक होतं आणि त्याचे दोन डोळे एकमेकांसमोर उभे केले होते. दोनशे सुटे डोळे एका पोत्यात भरणं आणि शंभर जोड्या शेजारी ठेवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ही युक्तीही सगळीकडे चालत नाही. काचबिंदूसाठी वापरतात ते टिमोलॉलचे थेंब एका डोळ्यात घातले तरी थोडं औषध रक्तात उतरतं आणि दुसऱ्या डोळ्याचा दाबही थोडा कमी होतो. मग तुलनेला ठेवलेला डोळा तुलनेला राहतच नाही. डोळ्याचा दाब वाढलेला, पण अजून नुकसान न झालेल्या लोकांवरची अमेरिकेतली मोठी चाचणी म्हणूनच माणसांवर बेतली होती. 1,636 जणांपैकी निम्म्यांना दाब कमी करणारे थेंब, निम्म्यांवर फक्त देखरेख, आणि कुठल्याही एका डोळ्यात काचबिंदू दिसला की ते माणूस मोजलं. 2002 मध्ये निकाल आला: पाच वर्षांत देखरेखीच्या गटात काचबिंदू होण्याचं प्रमाण 9.5 टक्के, औषधाच्या गटात 4.4 टक्के. या चाचणीने दाब किती उतरला एवढ्यावर समाधान मानलं असतं तर काम पुष्कळ लवकर संपलं असतं. पण दाब हा रुग्णाचा प्रश्न नाही, आपल्याला दिसेनासं होणार का हा आहे. शिवाय या निकालाची दुसरी बाजू छेदात माणसं होती म्हणूनच वाचता येते: औषध न घेतलेल्या शंभरांतल्या नव्वदांना पाच वर्षांत काहीच झालं नाही. दाब वाढलेल्या प्रत्येकाला आयुष्यभर थेंब लावायचे का, हा निर्णय डॉक्टरला आणि रुग्णाला समोरासमोर बसून घेता येतो तो या आकड्यामुळे.

आता दुसऱ्या दालनात जाऊ. मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्याला सांगितल्या जाणाऱ्या ‘सक्सेस रेट’मध्ये छेद किती लवचीक असू शकतो ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. शंभर स्त्रियांनी आयव्हीएफ सुरू केलं. त्यांतल्या ऐंशी जणींची स्त्रीबीजं काढता आली. साठ जणींच्या गर्भाशयात भ्रूण सोडता आला. चोवीस जणींची चाचणी पॉझिटिव्ह आली. अठरा जणी बाळ घेऊन घरी गेल्या. यातून 24 भागिले 60 केलं तर चाळीस टक्के यश, 18 भागिले 100 केलं तर अठरा टक्के. दोन्ही आकडे खरे, एकही खोटं बोललेला नाही. फलकावर कोणता छापला जाईल हे सांगायला नको. इथे वंध्यत्वाच्या शाखेतला फेऱ्यांचा खास घोटाळाही येऊन मिळतो. जिला पहिल्याच फेरीत दिवस राहिले ती पुन्हा येत नाही. जिला राहिले नाहीत ती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येते. फेऱ्या मोजल्या तर अवघड प्रकृतीची एकच स्त्री छेदात तीनदा बसते आणि सोप्या प्रकृतीची एकदाच. या तीन फेऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत, जसे दोन डोळे नव्हते. भ्रूण मोजले तर गुंता आणखी वाढतो, कारण एका स्त्रीचे आठ भ्रूण ही आठ निरीक्षणं नव्हेत. व्हेल आणि गार्डनर यांना अशाच चुका एकामागून एक सापडल्या. हे लेख लिहिणारे लबाड नव्हते. प्रयोगशाळेत रोज भ्रूणच हाताळले जातात, म्हणून भ्रूणच मोजले गेले. ज्याच्या हातात जे असतं तेच त्याला मोजावंसं वाटतं.

छेद दुरुस्त केला तरी अंशाचा प्रश्न उरतोच. प्रजननाच्या शस्त्रक्रियांत अंश बदलून घेण्याची सवय जुनी आहे. नळी मोकळी झाली, गर्भाशयाची पोकळी सुबक दिसू लागली, शुक्रजंतूंची संख्या वाढली, की शस्त्रक्रिया यशस्वी. सर्जनच्या दृष्टीने ती झालेलीच असते. त्याने जे करायचं ठरवलं ते झालं. पण जोडपं सुबक पोकळी मागायला आलेलं नव्हतं. काही स्त्रियांच्या गर्भाशयात जन्मतः मध्ये एक आडपडदा असतो. तो दुर्बिणीतून कापून काढणं तर्काला इतकं पटणारं आहे की त्याची चाचणी घ्यावी असं अनेक दशकं कुणाला फारसं वाटलं नाही. शेवटी 2010 ते 2018 या काळात ती झाली, अवघ्या 80 स्त्रियांवर, कारण इतकी पटलेली गोष्ट चिठ्ठी टाकून ठरवायला स्त्रिया आणि डॉक्टर दोघंही तयार होईनात. 2021 मध्ये निकाल छापला गेला: पडदा कापलेल्या स्त्रियांत जिवंत बाळाचा जन्म 31 टक्के, न कापलेल्यांत 35 टक्के. 80 हा आकडा लहान आहे, यावरून पडदा कापणं निरुपयोगी असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण ते उपयोगी आहे असं म्हणण्याचा आधार मात्र यातून निघत नाही, आणि सिद्ध करण्याचं ओझं सुरी हातात घेणाऱ्यावर असतं.

गर्भाशयाच्या अस्तराला मुद्दाम ओरखडा काढण्याची कथा याहून बोलकी आहे. 2003 मध्ये इस्रायलमधल्या एका लहान अभ्यासात असा ओरखडा काढलेल्या स्त्रियांत आयव्हीएफचं यश जवळजवळ दुप्पट दिसलं. उपाय स्वस्त, पाच-दहा मिनिटांचा, दुखणं सोसण्याजोगं. तो जगभर पसरला. मग पाच देशांतल्या 1,364 स्त्रियांवर नीट चाचणी झाली, अंशात जिवंत बाळाचा जन्म होता आणि छेदात चिठ्ठीत नाव आलेली प्रत्येक स्त्री. 2019 मध्ये आलेला निकाल एखाद्याने चेष्टा करावी तसा होता: ओरखडा काढलेल्यांत 26.1 टक्के, न काढलेल्यांत 26.1 टक्के. आयव्हीएफच्या आधी सगळ्यांचीच दुर्बिणीने गर्भाशयतपासणी करावी का, यावर 2016 मध्ये एकाच वेळी दोन चाचण्या छापून आल्या. नेदरलँड्समधल्या 750 स्त्रियांच्या चाचणीत तपासणी झालेल्यांत 57 टक्के आणि न झालेल्यांत 54 टक्के, हा फरक योगायोगाच्या पल्ल्यातला. दुसरी चाचणी आधी अनेकदा अपयश आलेल्या 702 स्त्रियांची, तिथे दोन्हीकडे 29. वर्षानुवर्षं ज्याचे पैसे घेतले गेले आणि भूल दिली गेली, त्याची ही जमाखर्चाची नोंद.

इथे सर्जनचा आक्षेप असा: जिवंत बाळाचा जन्म ही फार लांबची गोष्ट आहे. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर जातं, मध्ये गर्भपात होऊ शकतो, नवरा परगावी असू शकतो, वय वाढतं; एवढ्या सगळ्याचा दोष किंवा श्रेय सुरीला कसं द्यायचं? आणि मोठ्या चाचण्यांना पैसा कोण देणार? आक्षेपातला पहिला भाग चिठ्ठीची ताकद विसरतो. मध्ये येणाऱ्या या सगळ्या गोष्टी दोन्ही गटांत सारख्याच येतात, म्हणूनच चिठ्ठी टाकायची असते. दुसऱ्या भागाला प्रत्यक्ष उदाहरणं उत्तर देतात. पाणी भरून सुजलेल्या गर्भनलिका आयव्हीएफच्या आधी काढून टाकाव्यात का, या प्रश्नावर अनिका स्ट्रँडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कँडिनेव्हियात 204 स्त्रियांची चाचणी केली. 1999 मध्ये छापलेल्या निकालात आधी नळी काढलेल्यांत प्रसूतीचं प्रमाण 28.6 टक्के, न काढलेल्यांत 16.3 टक्के. हे लक्षात घ्या की नळी काढून टाकणं ही कल्पना मनाला लागणारी आहे. मूल हवं म्हणून आलेल्या स्त्रीला ‘तुमच्या नळ्या काढू’ असं सांगायचं. तर्काला न पटणारी ही शस्त्रक्रिया कसोटीला उतरली आणि तर्काला पटलेला ओरखडा बाद झाला. आपल्याकडे जननमार्गाच्या क्षयामुळे नळ्या खराब होण्याचं प्रमाण बरंच आहे, त्यामुळे हा निकाल आपल्या रुग्णांना परका नाही.

अर्थात एक चाचणी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. सौम्य एंडोमेट्रिऑसिसचे डाग दुर्बिणीतून जाळून टाकले तर दिवस राहण्याचं प्रमाण वाढतं का? कॅनडातल्या 341 स्त्रियांच्या चाचणीत 1997 मध्ये उत्तर हो असं आलं: 36 आठवड्यांत दिवस राहून वीस आठवड्यांपुढे टिकण्याचं प्रमाण 30.7 टक्के विरुद्ध 17.7. दोनच वर्षांनी इटलीतल्या 101 स्त्रियांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. दोन्हींचा छेद स्वच्छ होता, म्हणून त्या एकत्र जोडून पाहता आल्या. अंश जर एकीत डाग किती गेले आणि दुसरीत दुखणं किती थांबलं असा असता, तर त्यांची बेरीजच झाली नसती. चीनमधल्या हार्बिन शहरात जमलेल्या तज्ज्ञांनी वंध्यत्वाच्या चाचण्या कशा सांगाव्यात याचे नियम केले आणि ते 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतही भर यावरच होता: जिवंत जन्म सांगा, आणि आईचं नि बाळाचं बरंवाईट दोन्ही सांगा.

आईचं आणि बाळाचं. इथे माझ्याच युक्तिवादाला पहिला खरा अडथळा येतो. ‘छेदात अखंड माणूस’ म्हणणं सोपं आहे, पण वंध्यत्वात ते माणूस कोण? अंडकोशातल्या फुगलेल्या शिरांची, म्हणजे व्हेरिकोसीलची शस्त्रक्रिया पुरुषावर होते आणि दिवस स्त्रीला जातात. तिचं वय, तिच्या नळ्या, तिची पाळी यांची नोंद न घेता फक्त शुक्रजंतूंचा आकडा वाढल्याचं सांगणारे अभ्यास ढिगाने आहेत. शुक्रजंतू सुधारतात हे त्यांतून दिसतं. घरात पाळणा किती वेळा हलला याचा पुरावा अजून कच्चा आहे. तेव्हा इथे एकक म्हणजे जोडपं. आणि प्रसूतीच्या क्षणी आणखी एक माणूस हिशेबात येतो, किंवा दोन. त्या नव्या माणसाला छेदात जागा द्यायची की अंशातच ठेवायचं, या प्रश्नाचं उत्तर शोधताना आपण पुन्हा डोळ्यांकडे येतो, आणि तेही वैद्यकाच्या इतिहासातल्या एका फार कडू प्रकरणाकडे.

1942 मध्ये बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांत भिंगामागे पांढरा पडदा तयार होऊन अंधत्व येत असल्याचं नोंदवलं. पुढच्या दशकभरात जगभरात अंदाजे 10,000 बाळं अशी आंधळी झाली. आजार गरीब देशांत नव्हता. जिथे उत्तम काचेच्या पेट्या होत्या तिथेच होता. 1951 मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी बोट दाखवलं ते पेटीत सढळ हाताने सोडल्या जाणाऱ्या ऑक्सिजनकडे. 1953-54 मध्ये अमेरिकेतल्या 18 इस्पितळांनी मिळून 786 बाळांची चाचणी केली आणि ऑक्सिजन हाच गुन्हेगार ठरला. जगभर ऑक्सिजनची तोटी आवळली गेली, अंधत्व झपाट्याने उतरलं, आणि हा आधुनिक वैद्यकाचा विजय म्हणून सांगितला जाऊ लागला. आता छेद पाहा. त्या चाचणीत बाळांना घेतलं ते जन्मानंतर 48 तासांनी. पहिल्या दोन दिवसांत जी दगावली ती मोजणीत आलीच नाहीत. पण अपुऱ्या दिवसांच्या, फुप्फुसं न पिकलेल्या बाळाला ऑक्सिजन सगळ्यात जास्त लागतो तो त्याच दोन दिवसांत, आणि चाचणीनंतर ऑक्सिजनवरची बंधनं तर पहिल्या श्वासापासून लागू झाली. 1973 मध्ये केनेथ क्रॉस यांनी जुन्या मृत्युनोंदी चाळून हिशेब मांडला: वाचवलेल्या प्रत्येक दृष्टीमागे सुमारे सोळा बाळं दगावली असावीत. हा आकडा अंदाजाचाच आहे, त्यावर वाद झाले, तो थोडा कमी-जास्त धरता येईल. दिशा मात्र कुणी उलटवू शकलेलं नाही. डोळे मोजले म्हणून डोळे वाचले, आणि ज्यांचे डोळे तपासायची वेळच आली नाही ती बाळं कुणाच्याच अपूर्णांकात नव्हती.

मग नवी पिढी शहाणी झाली का? बऱ्याच अंशी झाली. 24 ते 27 आठवड्यांत जन्मलेल्या 1,316 बाळांवर अमेरिकेत झालेल्या, 2010 मध्ये छापलेल्या चाचणीत रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी एका गटात 85 ते 89 टक्के आणि दुसऱ्यात 91 ते 95 टक्के ठेवायचं ठरलं. अंशात ‘गंभीर आरओपी किंवा मृत्यू’ अशी जोड घेतली होती, म्हणजे बाळ कुठूनही निसटू नये. आणि इथेच माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात कठीण आक्षेप उभा राहतो. या जोड-अंशात दोन्ही गट जवळजवळ सारखे निघाले: 28.3 आणि 32.1 टक्के. अखंड बाळ मोजलं आणि ‘फरक नाही’ असं उत्तर आलं! जोड सोडवून पाहिल्यावर खरी गोष्ट दिसली. कमी ऑक्सिजनच्या गटात वाचलेल्या बाळांपैकी 8.6 टक्क्यांना गंभीर आरओपी, जास्तच्या गटात 17.9 टक्क्यांना, पण मृत्यू 19.9 टक्के विरुद्ध 16.2 टक्के. एका पारड्यात डोळे, दुसऱ्यात जीव, आणि काटा मध्यावर. तेव्हा आक्षेप मान्य करून माझं म्हणणं थोडं नेमकं करतो: छेदात अखंड माणूस हवाच, पण अंशात त्याच्या वाट्याला आलेली प्रत्येक गोष्ट वेगवेगळी मांडलेली हवी. आंधळेपण आणि मरण यांची बेरीज संख्याशास्त्रज्ञाला सोयीची असते, आईबापांना नसते. मात्र हेही पाहा की ही जोड सोडवता आली ती सगळी बाळं छेदात होती म्हणूनच. 1954 चा हिशेब आज कितीही सोडवला तरी त्यातून पहिल्या दोन दिवसांची बाळं बाहेर येणार नाहीत.

आता दोन्ही दालनांमधली भिंत काढता येईल. आयव्हीएफमध्ये एकाऐवजी दोन भ्रूण सोडले की जुळं होण्याची शक्यता वाढते, जुळी बहुधा दिवसांआधी येतात, आणि दिवसांआधी आलेल्या बाळाला आरओपीचा धोका. वंध्यत्व केंद्राच्या वहीत जुळं म्हणजे यश, कधीकधी दुप्पट यश. नेत्रतज्ज्ञाच्या वहीत तीच दोन बाळं, चार डोळे, चौथ्या आठवड्यातली तपासणी. छेद प्रसूतीच्या दारात संपवला तर ही दुसरी वही पहिलीला कधी जोडली जात नाही. 2004 मध्ये छापलेल्या स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत 661 स्त्रियांपैकी अर्ध्या जणींना एकदम दोन भ्रूण, उरलेल्यांना आधी एक आणि तो टिकला नाही तर गोठवलेला दुसरा, असं ठरवलं. बाळ घेऊन घरी जाण्याचं प्रमाण 42.9 टक्के विरुद्ध 38.8 टक्के. झालेल्या जन्मांत एकाहून अधिक बाळांचं प्रमाण 33.1 टक्के विरुद्ध 0.8 टक्के. वरच्या चार टक्क्यांचा फरक खरा असूही शकतो, चाचणीने तो नाकारलेला नाही. पण तो मिळवायला तीन प्रसूतींत एक जुळ्यांची, ही किंमत किती जोडप्यांना आधी सांगितली जाते? शस्त्रक्रियेच्या बाजूनेही असंच एक उदाहरण आहे. पीसीओएसमध्ये गोळ्यांना दाद न देणाऱ्या 168 स्त्रियांवर नेदरलँड्समध्ये चाचणी झाली, 2004 मध्येच छापली. एका गटात दुर्बिणीतून अंडाशयावर डागण्या, लागल्यास नंतर औषधं; दुसऱ्यात थेट हार्मोनची इंजेक्शनं. दिवस राहून टिकण्याचं प्रमाण शेवटी दोन्हीकडे 67 टक्के. नुसतं एवढंच पाहिलं तर शस्त्रक्रियेचा हट्ट कशाला, इंजेक्शनं बरी, असं कुणीही म्हणेल. पण जुळ्यांचं प्रमाण डागण्यांच्या गटात फारच कमी होतं. जन्माला येणाऱ्या बाळाला छेदात घेतलं की बरोबरीत सुटलेला सामना एका बाजूने झुकतो.

भारतात हा धागा आणखी ताणला जातो, कारण आपल्याकडे आरओपी तुलनेने मोठ्या बाळांनाही होतो. अमेरिकेत साधारण दीड किलोपर्यंतच्या किंवा 30 आठवड्यांपर्यंतच्या बाळांची तपासणी होते. आपल्याकडे दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे तिसाव्या दिवसाच्या आत तपासावेत असा दंडक आहे. कारण आपल्या कित्येक नवजात विभागांत ऑक्सिजन मोजून देण्याची सोय आणि सवय अजून सारखी नाही. म्हणजे युरोपात जी जुळी ‘थोडी लवकर आली, पण छान आहेत’ म्हणून घरी जातील, ती इथे धोक्याच्या यादीत असतात. पाश्चात्त्य चाचण्यांतला जुळ्यांचा खर्च आपण आपल्या हिशेबात धरतो तेव्हा तो कमीच धरत असतो. कर्नाटकात 2008 पासून तंत्रज्ञ ग्रामीण नवजात विभागांत जाऊन बाळांच्या दृष्टिपटलाची छायाचित्रं घेतात आणि बंगळुरूतले तज्ज्ञ ती दुरून वाचतात. तिथे जे चार डोळे तपासले जातात त्यांच्या मागे कोणता उपचार होता, हे विचारलं तर एक वेगळाच छेद तयार होईल.

ते विचारायला नवा शोध लागत नाही. 2021 च्या कायद्याने सहाय्यक प्रजननाच्या केंद्रांची राष्ट्रीय नोंदणी आणि त्यांनी तिथे माहिती देणं बंधनकारक केलं. नवजात विभागाच्या केसपेपरवर ‘गर्भधारणा उपचाराने झाली का, कोणत्या’ ही एक ओळ, आणि वंध्यत्व केंद्राच्या फाइलवर ‘बाळाची डोळेतपासणी कोणत्या दिवशी झाली, काय निघालं’ ही दुसरी. गोपनीयतेचा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. मूल उपचाराने झालं हे आपल्या घरांत अजून झाकून ठेवलं जातं. त्यासाठी नाव काढून टाकून क्रमांकाने जोडणी करता येते, आजारांच्या इतर नोंदण्या तसंच करतात. केंद्रचालक म्हणतील की प्रसूती दुसऱ्या गावी होते, बाळ तिसऱ्या इस्पितळात जातं, आम्ही कुठवर माग काढायचा. तिसाव्या दिवसापर्यंत. त्यासाठी एक फोन पुरतो, आणि केंद्रांकडे ते नंबर असतातच. चाचणी पॉझिटिव्ह आली का हे विचारायला चौदाव्या दिवशी फोन तिथूनच जातो.